तो माणूसघाणा नव्हता, तिसऱ्या मजल्यावर होता

आमच्या खानदानात एखादा पोरगा पाहुण्यांसमोर यायला कंटाळला, की "अगदी बडे भाईवर गेलाय" असं म्हणायची पद्धत पडली होती. बडे भाई म्हणजे माझ्या चाचांचा थोरला मुलगा. मुंब्र्यातल्या एका चार मजली बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचा. ईदला खाली उतरायचा नाही, कुणाच्या लग्नाला यायचा नाही, फोन उचलायचा नाही. घरी कुणी आलं की आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घ्यायचा. "अपघातानंतर त्याचा स्वभावच बदलला," असं आम्ही सगळे म्हणायचो. मीही म्हणायचो.

ते वाक्य चुकीचं होतं. ते चुकीचं ठरवलं शेजारी राहायला आलेल्या एका बाईंनी, ज्या आज माझ्या भाभी आहेत. दोघांना विचारून हे लिहितोय. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

भाई एसी मेकॅनिक होता. २०११ साली एका इमारतीच्या बाहेरच्या बाजूने युनिट बसवताना पाय सटकला आणि तो दुसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मणक्याला मार लागला, कमरेखालची हालचाल आणि संवेदना गेली. वय तेव्हा २८. साखरपुडा झालेला होता, तो दोन महिन्यांत मोडला. त्याबद्दल कुणी कुणाला दोष दिला नाही. "बरोबरच आहे त्यांचं," एवढंच सगळे म्हणाले. त्यानंतर त्याच्या लग्नाचा विषय घरात कुणी काढलाच नाही. धाकट्यांचे रिश्ते आले, ठरले, झाले. त्याला मिठाई तिसऱ्या मजल्यावर पोहोचत राहिली.

बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत ५४ पायऱ्या. भाईला खाली आणायचं म्हणजे चार मुलं गोळा करायची, त्याला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, ओढणीने कमरेला बांधायचं आणि "सांभाळून, सांभाळून" करत उतरायचं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडायची आणि बायका "अल्लाह रहम करे" म्हणायच्या. दहा वर्षांत तो अकरा वेळा खाली उतरला. आकडा त्याचाच, त्याने मोजला होता. त्यातल्या आठ वेळा दवाखाना. मी एकदा खूप आग्रह केला तेव्हा तो म्हणाला होता, "चौघांच्या खांद्यावरून माणूस एकदाच जातो. तुम्ही मला दर वेळी त्याची तालीम करायला लावता."

मला तेव्हा ते निराशेचं बोलणं वाटलं. तो जिन्याबद्दल बोलत होता, हे कळायला मला काही वर्षं लागली.

माझ्या कामातलं एक उदाहरण देतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एकदा आमच्या टीमने एक स्क्रीन काढून टाकायचं ठरवलं, कारण काही ग्राहक ती वापरतच नाहीत असं आकडे सांगत होते. काढायच्या आधी एका ज्युनिअर मुलीने सहज तपासलं. ज्यांना माऊस धरता येत नाही, सगळं काम कीबोर्डवर करावं लागतं, त्यांना त्या स्क्रीनवरच्या बटणापर्यंत पोहोचताच येत नव्हतं. "वापरत नाहीत" आणि "वापरता येत नाही" या दोन्हींचा आकडा रिपोर्टमध्ये शून्यच दिसतो. आम्ही तो शून्य ग्राहकाच्या आवडीनिवडीच्या खात्यावर टाकला होता. भाईच्या बाबतीत आम्ही सगळ्या खानदानाने हेच केलं. तो येत नाही, म्हणजे त्याला यायचं नाही.

गंमत म्हणजे आपला कायदा आपल्यापेक्षा शहाणा आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा दिव्यांगत्वाची व्याख्या करताना फक्त शरीरातल्या कमतरतेवर थांबत नाही. ती कमतरता आणि समोरचे अडथळे यांची गाठ पडते आणि त्यातून माणसाचा समाजातला सहभाग खुंटतो, असं तो म्हणतो. म्हणजे मोडलेला मणका एकीकडे आणि ५४ पायऱ्या दुसरीकडे. मणक्याचं डॉक्टर काय करायचं ते करतील. पायऱ्या मात्र आपण बांधल्या. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. आपल्या गल्लीत, मशिदीत, शादी हॉलमध्ये त्यातले किती दिसतात, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

आता त्या शेजारणीबद्दल.

२०१९ च्या पावसाळ्यात समोरची खोली भाड्याने गेली. घटस्फोटित बाई, आठ वर्षांची मुलगी, ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी. खोली मिळायला त्यांना तीन महिने लागले होते, कारण प्रत्येक एजंटचा पहिला प्रश्न "मिस्टर काय करतात?" हा होता. लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधला तिसरा मजला इतरांना नको होता, म्हणून तो त्यांच्या वाट्याला आला.

मुलीची शाळा दुपारी साडेबाराला सुटायची, त्या घरी यायच्या संध्याकाळी. चार दिवसांत त्यांनी आमच्या चाचीचं दार वाजवलं. चावी ठेवायला आणि मुलीवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं. चाची म्हणाली, मला दुपारी गोळ्यांनी झोप लागते. त्या म्हणाल्या, "तुमचे चिरंजीव घरी असतात ना? त्यांना विचारू का?" चाचीचं उत्तर तयार होतं: "त्याला काय विचारताय, त्यालाच आम्हाला बघावं लागतं." तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला, "चावी माझ्याकडे ठेवा."

भाईने नंतर मला सांगितलं, आठ वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे कुणी काही मागायला आलं होतं. तोपर्यंत लोक फक्त द्यायला यायचे. ज्यूसचे डबे, दुआ, सल्ले, जुने मोबाईल. रमजानमध्ये लिफाफे. नीयत चांगलीच असायची. पण कालपर्यंत कमावून घर चालवणाऱ्या माणसाच्या हातात, त्याला न विचारता लिफाफा ठेवून आपण निघून जातो, तेव्हा त्याला काय वाटतं याचा विचार आपण करत नाही. घेणारा हात वर्षानुवर्षं घेणाराच राहिला, की त्याचा मालक आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेतो.

पुढचं सगळं साधं आहे. मुलगी दुपारी त्याच्याकडे बसू लागली. तिचे अपूर्णांक कच्चे होते, ते त्याने पक्के केले. तिच्या घरचा मिक्सर बिघडला, तो दुरुस्त केला. मग बिल्डिंगमधले मिक्सर, इस्त्र्या, पंखे वर येऊ लागले आणि त्याचे तो पैसे घेऊ लागला. संध्याकाळी दोन्ही दारं उघडी असायची. मध्ये चार फुटांचा पॅसेज. याच्या दारात याची व्हीलचेअर, त्यांच्या दारात त्यांचं स्टूल, आत टीव्हीसमोर चाची. चहा होईपर्यंत गप्पा. लॅबमधल्या गमती, मुलीचा अभ्यास, पाण्याची वेळ. जगातली बरीच प्रेमं अशाच पॅसेजमध्ये होत असावीत.

मग २०२० चा लॉकडाऊन आला. सगळी बिल्डिंग अचानक भाईसारखी जगू लागली. दुसऱ्याच आठवड्यात लोक म्हणायला लागले, डोकं फिरायची वेळ आली. भाई हसायचा. "मला विचारा, माझ्याकडे नऊ वर्षांचं टाइमटेबल आहे." कुणाला किराणा हवा, कुणाच्या गोळ्या संपल्या, कुठलं मेडिकल उघडं आहे, याची यादी तो फोनवरून सांभाळू लागला. भाभींना मात्र रोज लॅबमध्ये जावं लागायचं. त्या कोरोना घेऊन येतील म्हणून काही शेजाऱ्यांनी त्यांना घर सोडायला सांगितलं. तेव्हा ज्या माणसाला आम्ही माणूसघाणा म्हणायचो, तो जाळीच्या दारात येऊन जिन्यातल्या लोकांशी भांडला. रात्री त्यांची पावलं जिन्यात वाजेपर्यंत तो तिथेच बसून राहायचा.

लग्नाचं विचारलं भाभींनी. आधी त्याला, मग त्याच्या अम्मीला.

आणि मग आम्ही सगळे जागे झालो. त्यांचा भाऊ म्हणाला, "आयुष्यभर नर्स होऊन राहायचंय का?" चाची म्हणाली, "तिला फुकटचं छप्पर पाहिजे." बिल्डिंगमधले लोक म्हणाले, "माशाअल्लाह, केवढा सवाब कमावणार!" आणि जाणती मंडळी आवाज खाली करून विचारायची, "पण... नवरा-बायको म्हणून...?"

ही चार वेगवेगळी मतं वाटतात. नीट पाहिलं तर ते एकच मत आहे: या माणसावर, तो जसा आहे तसा, कुणाचा जीव जडणं शक्य नाही. म्हणून कारण दुसरं काहीतरी असणार. स्वार्थ, नाहीतर सवाब. सवाबवाले कौतुक करत होते, पण भाईचा सगळ्यात जास्त अपमान त्यांनीच केला असं मला वाटतं.

कुजबुजणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. मणक्याच्या दुखापतीनंतर शरीराच्या काही क्रिया बदलतात. त्यावर उपचार असतात, समुपदेशन असतं, कित्येकांना मुलंही होतात. ओढ, लाज, रुसवा यातलं काही मणक्याबरोबर मोडत नाही. बाकीचं त्या दोघांचं खाजगी आहे, जसं तुमचं-माझं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात लग्न करण्याचा आणि कुटुंब थाटण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, आणि भारताने तो करार २००७ साली मान्य केला आहे.

आता माझी कबुली. चाचीने समजूत घालायला मला पाठवलं, कारण घरात इंजिनिअर मी. मी गेलो आणि चांगल्या शब्दांत तेच बोललो. "भाई, त्या चांगल्या आहेत, पण त्यांना दया वाटत असेल. उद्या कंटाळल्या तर?"

तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या लग्नाच्या वेळी तुझ्या बायकोला कुणी विचारलं होतं का, की तुझ्यावर भाळलीस की तुझ्या पगारावर?"

"नाही."

"मग मलाच का? आणि दया करणारे मला लांबून ओळखू येतात, दहा वर्षं त्यांच्यातच काढलीत. ते माझ्याशी कधी भांडत नाहीत. ही भांडते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

सई परांजपे यांचा 'स्पर्श' हा सिनेमा १९८० चा, माझ्या जन्माच्या आधीचा. त्यात नसीरुद्दीन शाह अंध मुलांच्या शाळेचा अंध मुख्याध्यापक आहे आणि शबाना आझमी ही विधवा तिथे शिकवायला येते. दोघं जवळ येतात, पण हे प्रेम आहे की त्याग, या संशयाने तो मागे फिरतो. तो पाहताना मला वाटलं, हा संशय त्याच्या पोटात आला कुठून? माझ्यासारख्या हितचिंतकांनीच तो वर्षानुवर्षं भरवला असणार. तीस वर्षांनी आलेल्या 'गुजारिश'मध्ये तर अपघाताने अंथरुणाला खिळलेला नायक कोर्टात मरणाची परवानगी मागतो. २०१६ साली 'मी बिफोर यू' या इंग्रजी सिनेमात नायकाला प्रेम मिळतं, तरी तो मरणच निवडतो. त्यावर परदेशातल्या दिव्यांग कार्यकर्त्यांनी निषेध केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं, आमचं आयुष्य मरणापेक्षा वाईट असल्यासारखं दाखवू नका. 'गुजारिश' मी भाईसोबत पाहिला. तो म्हणाला, "त्याच्या मानेखालचं काहीच हलत नाही, त्याचं दुखणं माझ्याहून मोठं, कबूल. पण गोव्यात एवढा बंगला, एवढी माणसं हाताशी! मला फक्त एक लिफ्ट द्या."

सरकारचंही आपल्यासारखंच आहे. दिव्यांग व्यक्तीशी अव्यंग व्यक्तीने लग्न केलं तर मदत देण्याची योजना महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली, सुरुवातीला रक्कम होती ५० हजार. गरजू जोडप्याने ती जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण त्यामागचं गणित बघा. लग्न करणाऱ्याने काहीतरी सोसलंय, म्हणून त्याला भरपाई. तेच पैसे घराचं बाथरूम रुंद करायला किंवा दारात उतार बांधायला दिले असते, तर लग्न 'सोसण्याची' वेळच कमी आली असती.

एक प्रश्न मात्र मला सतावतो. व्हीलचेअरवर भाभी असत्या आणि समोर भाई राहायला आला असता, तर? अपंग पुरुषाला "सेवा करणारी" शोधण्याचा विचार तरी कधीकधी होतो. अपंग मुलीचा बायोडेटासुद्धा कुणी बनवत नाही. आमच्या नात्यात पोलिओने पाय अधू झालेली एक आपा आहे, एम.ए. झालेली, आता पन्नाशीची. तिला कुणी विचारलं होतं का, असं मी अम्मीला विचारलं. अम्मी गप्प बसली. सिनेमेही बहुतेक नायकालाच व्हीलचेअरवर बसवतात. जिना दोघांसाठी सारखाच असतो, पण बाईसाठी त्याला आणखी पायऱ्या असतात.

निकाह २०२१ च्या सप्टेंबरमध्ये झाला. मंडळी म्हणाली, हॉल घेऊ, भाईला उचलून नेऊ. तो म्हणाला, काझीसाहेबांचे पाय ठीक आहेत ना? मग ते वर येतील. काझीसाहेब ५४ पायऱ्या चढून आले, पॅसेजमध्ये बसले, थोडा दम घेतला आणि खुतबा पढले. मेहर भाईने दुरुस्तीच्या कमाईतून रोख दिला. भाभींनी निकाहनाम्यात एक अट लिहून घेतली: एका वर्षाच्या आत तळमजल्यावर घर. पहिल्या लग्नातून त्या एवढं शिकल्या होत्या, की तोंडी काही ठेवायचं नाही.

तळमजला मिळाला, पण त्या बिल्डिंगच्या दारात तीन पायऱ्या होत्या. सहा-सहा इंचांच्या तीन म्हणजे अठरा इंच. व्हीलचेअरच्या उताराचं सर्वमान्य प्रमाण एकास बारा, म्हणजे अठरा फूट लांब रॅम्प. त्यासाठी दोन बाइकची जागा जाणार होती. सोसायटीची कमिटी आठ महिने "बघू" म्हणत राहिली. नकाशा मी काढून दिला, भाभी प्रत्येक मीटिंगला गेल्या, शेवटी रॅम्प झाला. गेटच्या रंगकामापेक्षा कमी खर्चात. आता त्या रॅम्पवरून गॅसवाला सिलिंडर नेतो, दोन आज्या चालतात, बाळांच्या गाड्या जातात. तो फक्त भाईसाठी आहे असं आता कुणी म्हणत नाही.

सगळं गोड झालंय असं समजू नका. एकदा त्याला उचलताना भाभींच्या पाठीत उसण भरली, पंधरा दिवस पगार बुडाला. पैशांवरून दोघं भांडतात. काही दिवस भाई अजूनही कुणाशी बोलत नाही. पण रोज सकाळी तो स्वतः बाहेर पडतो, कोपऱ्यावर दुरुस्तीचं टेबल मांडतो आणि इतकं बोलतो की गिऱ्हाईकाला निघायला उशीर होतो. जुम्म्याला जातो. मध्ये मी विचारलं, आता किती वेळा बाहेर गेलास? म्हणाला, "मोजणं सोडून दिलं."

मित्रांनो, भाभींना फरिश्ता म्हणू नका, त्यांना ते आवडत नाही. त्यांनी केलं ते एवढंच, की एका माणसाला आधी काम सांगितलं आणि मग त्याच्याशी भांडल्या. ते आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

बाकीचं काम आपलं आहे. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत दिली होती, ती कधीच उलटली. २०२४ साली सुप्रीम कोर्टाने सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं केंद्र सरकारला बजावलं. कोर्ट आपल्या गल्लीत रॅम्प बांधायला येणार नाही. आपल्या मशिदीच्या, शादी हॉलच्या, क्लासच्या, दवाखान्याच्या दारात किती पायऱ्या आहेत ते मोजा आणि पुढच्या मीटिंगमध्ये आकडा घेऊन जा. घरात कुणाच्या रिश्त्याची बात निघाली, तर त्या घरातल्या अपंग भावाला किंवा बहिणीलाही विचारा, तुझं काय? उत्तर नाही असेल, तर ते त्यांनी दिलेलं असू दे.

आणि या आठवड्यात आपल्या बिल्डिंगमध्ये कोण बरेच दिवस खाली उतरलेलं नाही, ते आठवा. वर जा. लिफाफा नेऊ नका. त्यांना जमेल असं एखादं खरं काम घेऊन जा, आणि ते झाल्यावर त्याचे पैसे द्या.